पडायलाही जोड लागते

रविवार, दुपार

प्रिय कपाट,

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवले तर वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सामसूम. तुझ्या दाराशी येऊन उभी राहिले असते, पण मी बाहेर घंटा वाजवतेय आणि तू आत श्वास रोखून बसलायस, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला हसूही आलं, वाईटही वाटलं. तुझ्याएवढा माणूस लपणार तरी कुठे? म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढं एक ऐक.

आधी बातमी, म्हणजे तू उगाच काळजीने पानं उलटवणार नाहीस. उजव्या खांद्याचं हाड जुळलं. हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, वरच्या फळीवरचा डबाही काढतो. डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे उजेडाला धरला आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "सुताराने सांधा मारावा तसं बसलंय." कामावर पूर्ण वेळ जाते. परवा एका निवृत्त शिक्षिकेची कवळी केली. मी मेणात दात कसे सरळ रेषेत रोवले होते, अगदी जाहिरातीतल्यासारखे! बाईंनी आरशात पाहिलं आणि नाक मुरडलं. म्हणाल्या, "माझे पुढचे दोन वाकडे होते, तसेच वाकडे द्या. नाहीतर नातवंडं म्हणतील ही कोण आली." पुन्हा मेण तापवलं, दोन दात वाकडे केले. माणसाला आपलं तोंड आपल्यासारखंच हवं असतं. हे मी तुला का सांगतेय कोण जाणे. पूर्वी ज्यूदोचा सराव संपल्यावर पायऱ्यांवर बसून असलंच काहीबाही सांगायचे आणि तू तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या कामातल्या गमती सांगायचास, त्याची सवय आहे. परवा आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आतल्या माणसांना मी बाहेरून सांगत होते, "काही होत नाही, दोर तुटत नसतो, लिफ्टवाल्यांनीच मला सांगितलंय." तुझं नाव घेतलं नाही, पण तुझाच हवाला दिला.

मी पहिल्यांदा हॉलवर आले ते आठवतं? मला ज्यूदो शिकायचाच नव्हता. दिवसभर मान खाली घालून कवळ्या घासायच्या म्हणजे मान, खांदे, पाठ सगळ्याचं लाकूड होतं. डॉक्टर म्हणाले पोहा. तरणतलावावर नाव नोंदवायला ही लांब रांग, आणि मागच्या हॉलमधून धप्प, धप्प आवाज. डोकावले. साठीची एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून एका धिप्पाड माणसावर ओरडत होती, "अरे, पड ना नीट! पोतं टाकल्यासारखा काय पडतोस!" तो धिप्पाड माणूस मुकाट उठला आणि पुन्हा पडला. मी रांग सोडली. तो माणूस तू होतास, आणि त्या आपल्या बाई.

नंतर जो भेटेल तो मला एकच विचारायचा, "काय गं, काही झालं होतं का तुझ्या बाबतीत?" जणू बाईमाणसाने कॉलर धरायला शिकायचं तर आधी तिची कुणीतरी धरलेली असलीच पाहिजे! काही झालं नव्हतं रे. मला तो आवाज आवडला होता. एवढ्या जोरात पडूनही माणूस उठतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. आईला वाटलं चार दिवसांची हौस आहे. हौस टिकली तशी तिची कटकट सुरू झाली. "कुणीतरी एकाने रीतसर हात धरावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय, आणि तू तिकडे दहा बाप्यांना कॉलर धरू देतेस!"

बाईंचा नियम एकच होता, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. पट्ट्याचा रंग बघा, बाकी काही बघायचं नाही. पण नियम झाला बाईंचा, पुरुषांची मनं काही बाईंच्या हातात नव्हती. पहिले काही महिने ते माझ्यासमोर आले की कागदाचे व्हायचे. मी नुसती बाही ओढली की पडायचे, वर "वा, छान!" म्हणायचे. मोकळ्या लढतीत तर बोटांच्या टोकांनी माझी कॉलर धरायचे, जणू कुणाच्या ताटातलं उचलतायत. मी घरी येऊन रागाने रडायचे. हरवलं असतं तर रडले नसते. पाच वर्षांच्या पोराला शर्यतीत जिंकू देतात ना, तसं ते मला जिंकू देत होते.

मग तुझी पाळी आली. तू कॉलर धरलीस, घट्ट, आणि विचारलंस, "खरं खेळायचं की नाटक?" मी म्हटलं, "खरं." पुढच्या क्षणी मला छताचे पत्रे दिसले. पण काय सांगू, कुठे लागलंच नाही. माझी बाही तुझ्या मुठीत होती आणि टेकायच्या क्षणी तू मला वर ओढून धरलं होतंस. खाली वाकून विचारलंस, "बरी आहेस ना?" आणि मी म्हटलं, "पुन्हा." त्या संध्याकाळी तू मला इतक्या वेळा पाडलंस की बाकीचे तुझ्याकडे डोळे वटारून पाहायला लागले. एकजण म्हणालाही, "लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "वाटते ना. पण तिने 'खरं' म्हणून सांगितलंय." त्या वाक्यावर मी तुझी जोड झाले. जोडीदार म्हणता येत नाही, लोक भलताच अर्थ काढतात. मित्र म्हटलं तर तेही पुरत नाही, कारण मित्राच्या मानेचा घाम आपल्या कपाळाला लागत नाही. जोड हाच शब्द बरा.

तुला पाडणं मात्र मला जमेना. ढकलत बसायचे. शेवटी बाई वैतागल्या, "घरात कपाट हलवतेस का कधी? ढकलून हलतं का ते? आधी एका कोपऱ्यावर आणायचं, मग फिरवायचं." मी तुला कोपऱ्यावर आणलं, फिरवलं आणि तू गेलास! अख्खा हॉल हादरला. तलावाकडचा माणूस काय पडलं म्हणून बघायला आला. बाई म्हणाल्या, "कपाट." त्या दिवसापासून तू कपाट. आणि तू दात काढून हसत उठलास, दात करणारी म्हणून मला कवळी म्हणालास. पायऱ्यांवर बसल्यावर तू एक गोष्ट म्हणालास ती मी पुढे तलावाच्या समितीच्या भर बैठकीत सांगितली, चालेल ना? तू म्हणालास, "आपल्याएवढ्याच माणसाशी खेळलं की ताकदीवर निभावून जातं. तुझ्याशी खेळताना मला पहिल्यांदा शिकावं लागतंय."

आता त्या दिवसाचं. तू ते मनात हजार वेळा घोळवलं असशील, आणि दर वेळी तुझीच बाजू काळी केली असशील, म्हणून माझ्या डोळ्यांनी एकदा पाहा. मी तुला कोपऱ्यावर आणलं होतं. तू सुटलास, वळलास, फेक घातलीस, नेहमीची, स्वच्छ. मी हवेत असताना तुझी कॉलर सोडली नाही, उलट फेक तुझ्यावरच परतवायला अंग पिळलं. तो डावही बाईंनीच शिकवलेला. दोघं तिरके गेलो आणि तुझं वजन माझ्या खांद्यावर आलं. एवढंच. बाईंनी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. कुणी कुणाला दुखवायला गेलं नव्हतं. पायरी चुकून माणूस पडतो, तिथे पायरीवर खटला भरत नाहीत.

पण आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. मग ती शांतता. तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा. तू तुझा पट्टा सोडून माझा हात गळ्यात बांधलास, तेव्हा तुला गाठ घालता येईना, ती मलाच दुसऱ्या हाताने धरावी लागली. दवाखान्यात आई आली ती एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून. तिने आधी मला पाहिलं, मग तुला, आणि सगळ्या नर्सेससमोर म्हणाली, "तुला आईबहीण आहे की नाही रे? बाईच्या जातीवर हात टाकतोस?" मी काही बोलणार तेवढ्यात मला एक्स-रेच्या खोलीत नेलं. बाहेर आले तर बाकडं रिकामं. माझ्या पिशवीखाली माझे बूट नीट जोडून ठेवलेले. तेव्हापासून तू मला दिसलेला नाहीस.

पुढे काय झालं ते तुला ठाऊक नसेल. तरणतलावाच्या समितीने तातडीने ठराव केला आणि हॉलच्या दारावर पाटी लावली, महिलांचा सराव स्वतंत्र. वेळ दिली दुपारी तीनची, कारण तेव्हाच हॉल रिकामा असतो. दुपारी तीनला कुठली नोकरदार बाई मोकळी असते सांग! जी ती गळत गेली. उरल्या औषधांच्या दुकानातली ती उंच बाई आणि कॉलेजातल्या दोघी. मी हात गळ्यात बांधून कडेला बसायचे. त्या तिघी एकमेकींना आलटून पालटून पाडायच्या. थोड्याच दिवसांत तिघींना एकमेकींचे सगळे डाव पाठ. औषधवाली म्हणाली, "आपापसात भातुकली खेळतोय असं वाटतं." आणि संध्याकाळी पुरुषांकडे काय चाललेलं? बाई कपाळाला हात लावून सांगायच्या, "रेड्यांची टक्कर! कोपऱ्यावर आणणं विसरले सगळे. नुसते ढकलतात." त्यात तो टॅक्सीवाला, तुझ्याच वजनाचा, त्याचा गुडघा निखळला. बिचारा कितीतरी दिवस कुबड्या घेऊन फिरला.

त्याच सुमारास चपलांच्या दुकानात वहिनी भेटल्या. घरी त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी चुगली केली नाही, मीच खोदून खोदून विचारलं. सुरुवातीला "बरा आहे, कामात आहे" असं चाललं होतं. मग चपलेचा पट्टा हातात फिरवत म्हणाल्या, "पूर्वी घरात शिरला की भांडी वाजायची. आता कप ठेवतो तो आवाज न करता. दार लावतो तेही धरून धरून. लेक म्हणते, बाबा मला उचलून फिरव, तर म्हणतो पाठ दुखते. पाठ कसली दुखतेय! त्याला त्याच्या हातांची भीती बसलीय." मी तिथेच त्या स्टुलावर बसले. तुझे हात मला माहीत आहेत रे. त्या हातांनी मला किती वेळा पाडलंय आणि दर वेळी जमिनीला लागू दिलेलं नाही. ते हात आता कप जपून ठेवतात, हे ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. हाड माझं मोडलं, ठराव समितीने केला, आणि शिक्षा तू भोगतोयस! हे काही खरं नाही, असं म्हणून मी उठले. दुसऱ्या दिवशी समितीकडे बैठक मागितली.

बैठकीला आई माझ्याबरोबर आली. "नाहीतर तू तिथे भलतंसलतं बोलशील" म्हणाली. मला वाटलं, आता ही माझ्याच विरुद्ध साक्ष देणार. अध्यक्ष तू पाहिले आहेस, टापटीप, हळू बोलणारे, मनाने वाईट नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे." मी म्हटलं, "मग आधी मला विचारायचं होतं." ते म्हणाले, "एवढा दणकट पुरुष आणि तुमच्यासारखी नाजूक बाई." मी म्हटलं, "त्या दणकट पुरुषाला मी या हॉलमध्ये उताणा पाडलेलं आहे, तुमच्या तलावाचा माणूस साक्षीला आहे." दाराशी उभा असलेला तो माणूस म्हणाला, "हो साहेब, पाण्याला लाटा आल्या होत्या." सगळे हसले. अध्यक्षसुद्धा.

मग मी टॅक्सीवाल्याच्या गुडघ्याचं काढलं. म्हटलं, "पुरुषाने पुरुषाचा गुडघा निखळवला. तेव्हा पुरुषांनी पुरुषांशी खेळू नये, असा ठराव का नाही झाला?" आणि पुढे विचारलं, "तुमच्या तलावात कुणी बुडता बुडता वाचलं तर तुम्ही पाणी काढून टाकता का?" तुझं ते पायऱ्यांवरचं वाक्यही सांगितलं. म्हटलं, आम्हाला आमच्यापेक्षा जड माणूस लागतो, कारण बाहेरच्या जगात समोरचा वजन करून येत नाही. आणि त्यांनाही आम्ही लागतो, कारण आमच्यावर रेटून चालत नाही, अक्कल चालवावी लागते. अध्यक्षांनी शेवटचा प्रश्न टाकला, "उद्या पुन्हा असं झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "मी. माझ्या हाडांची मालकी माझ्याकडे आहे."

तेवढ्यात आई उठली. मी तिचा पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला. म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यात जास्त आवाज माझा होता. म्हणून आता माझंच ऐका. माझ्या मुलीचं हाड सांधलं, पण मुलगी सांधलेली नाही. पूर्वी घरी यायची ती अंग ठेचलेलं आणि तोंड फुललेलं. हल्ली अंगाला ओरखडा नसतो, आणि तोंड बघवत नाही. मला दोन्हीतलं एक निवडायला सांगाल तर मी ठेचलेली घेईन." एवढं बोलून ती बसली आणि माझ्या ग्लासातलं पाणी सगळं पिऊन टाकलं. बाई, ज्या आयुष्यात कधी कुणाला शाबासकी देत नाहीत, त्या उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

पाटी उतरली. सराव पुन्हा एकत्र झाला. अट एकच, प्रत्येकाने स्वतः येऊन सांगायचं की आपण आपल्या मर्जीने खेळतोय. सगळ्यात आधी औषधवालीने सांगितलं. आई म्हणतेय, तुला लिहावं. माफी वगैरे म्हणून नाही, ती तसली बाई नाही हे तुला कळलंच आहे. म्हणाली, "त्याला लिही, मी घाबरले होते. घाबरलं की माझी जीभ आधी सुटते." हे तिचे शब्द, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आता इथे पत्र संपवावं असं मला वाटत होतं. विजयाची बातमी द्यायची, ये म्हणायचं आणि सही करायची. दोनदा तसं लिहूनही पाहिलं. पण तुझ्याशी नाटक खेळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलंय.

एकत्र सरावाच्या पहिल्या संध्याकाळी हॉल भरला होता. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, अर्थात डाव्या बाजूने, जपून. माझ्यासमोर टॅक्सीवाला आला. गुडघा बरा झालाय त्याचा. आम्ही वाकून नमस्कार केला, त्याने कॉलर धरली, आणि माझं अंग दगड झालं. कोपर बरगडीला चिकटलं, पाय मॅटमध्ये रुतले. तो थांबला, "घेऊ?" मी म्हटलं, "आज खांदा कुरकुरतोय." खांदा मुळीच कुरकुरत नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, जाकीट उसवलंय. मग मी कॉलेजातल्या त्या दोघींनाच धरायला लागले. त्यांना मी पाडते, सुंदर पाडते, बघणारे वाहवा करतात. मला मात्र त्या दिवसानंतर आजवर कुणी पाडलेलं नाही. मी पडूच देत नाही. सगळ्यांसाठी भांडून दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यावर खुंटासारखी उभी आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. परवा मॅट पुसताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बैठकीत फार छान बोललीस. आता ते तुझ्या खांद्याला कधी सांगणार आहेस?"

मला दुखण्याची भीती नाही, कपाट. दुखणं माझं भोगून झालंय, ते ओळखीचं आहे. मला त्या आवाजानंतरच्या शांततेची भीती वाटते, आणि त्या शांततेत पांढऱ्या पडलेल्या तुझ्या तोंडाची. कुणीही कॉलर धरली की मला तेच तोंड दिसतं. टॅक्सीवाला चांगला खेळतो, पण त्याच्या फेकीने ते पुसलं जाणार नाही. ते चित्र आपल्या दोघांचं आहे, दोघांनीच बदलायचं. म्हणून हे पत्र. तुला क्षमा करायला मी लिहिलेलं नाही, क्षमा करण्यासारखं काही नव्हतंच. तुझ्यावर उपकार करायलाही नाही. मला तू हवा आहेस म्हणून लिहिलंय. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता, पोहणारे यायच्या आधी, हॉल आपल्याला मिळालाय. बाई असतील. आई येणार म्हणून हटून बसलीय, तिला भिंतीपाशी बसवू. वहिनींना आण, लेकीलाही आण, तिला दिसू दे बाप काय करतो ते. तू माझी कॉलर धरायची आणि तीच फेक घालायची, तीच बाजू, तोच खांदा. अर्धी नको, मऊ नको. तुझे हात कचरतील, माझे पाय रुततील. तरी तू घालायची आणि मी पडायचं, आणि उठले की मी म्हणेन, पुन्हा. नाही आलास तर रविवारी मी टॅक्सीवाल्यासमोर उभी राहीन आणि सांगेन, आता घे, कारण पडायचं मी ठरवलंय आणि त्यात बदल नाही. पण तो दुसरा रस्ता झाला, आणि लांबचा. शनिवारी सातला मॅट घालून मी मधोमध उभी असेन.

तुझीच (हे वहिनींनी वाचलं तरी चालेल),
कवळी